सांध्यांची काळजी

आमच्या घरी यजमानांच्या औषधांचा डबा ज्या फडताळात असतो, त्याच फडताळात डब्याला लागून एक निळी फाइल उभी असते. डब्यात रक्तदाबाच्या आणि कंबरदुखीच्या गोळ्या. फाइलमध्ये मुलाच्या नळकामाच्या व्यवसायाची विमापत्रे. सूनबाई एकदा म्हणाली, "आई, औषधं आणि कागद एका जागी कशाला?" मी म्हटले, "दोन्ही औषधंच आहेत गं. एक रोज घ्यायचं, दुसरं वर्षातून एकदा." ती हसली. मला मात्र हे शहाणपण हसतखेळत आलेले नाही. दोन माणसांची हाडे मोडल्यावर ते आले. त्यांतील एक माझे यजमान, दुसऱ्या शेजारच्या इमारतीतील एक आजी.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आम्ही चाळीसहून अधिक वर्षे राहत आहोत. १९६२-६३ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री असलेल्या मारोतराव कन्नमवारांचे नाव धारण करणारी ही वसाहत पूर्व द्रुतगती महामार्ग आणि खाडीकडची खारफुटी यांच्या मध्ये वसलेली आहे. इथल्या इमारती नावापेक्षा क्रमांकाने ओळखल्या जातात. मी जवळच्याच शाळेत मराठी शिकवत असे. यजमान आयटीआयमधून फिटरचे काम शिकलेले. लालबहादूर शास्त्री मार्गावरील एका कारखान्यात ते कामाला होते. त्या काळात त्यांच्या खिशात कामगार राज्य विमा योजनेचे ओळखपत्र असे. एकदा यंत्रात बोट सापडले, तेव्हा मुलुंडच्या कामगार विमा रुग्णालयात टाके पडले. एक पैसा लागला नाही, आणि घरी बसलेल्या दिवसांची भरपाईही मिळाली. १९४८ च्या कायद्याने दिलेले ते छत्र आम्हाला इतके सवयीचे झाले होते, की ते छत्र आहे हेच आम्ही विसरलो.

नव्वदच्या दशकात त्या मार्गावरील कारखाने एकामागून एक बंद होऊ लागले. यजमानांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि हातातल्या कौशल्यावर नळदुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. पाईप पाना, हॅकसॉ, टेफ्लॉन टेपची गुंडाळी, वॉशरचा डबा आणि एक सायकल, एवढेच भांडवल. जुन्या इमारतींतील लोखंडी पाईप गंजू लागलेले, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. मात्र नोकरीबरोबर ते ओळखपत्र गेले, त्याच्या जागी काहीच आले नाही, आणि ते रिकामेपण आमच्या ध्यानातही आले नाही. ही योजना साधारणतः दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांसाठी आहे. एकटा नळकारागीर आणि त्याचा एखादा हेल्पर तिच्या कक्षेत येतच नाहीत.

२००६ च्या ऑगस्टमध्ये पावसाची उघडीप पाहून ते एका इमारतीच्या मागील बाजूचा सांडपाण्याचा पाईप बदलायला चढले. परांची बांधण्याचा खर्च सोसायटीला नको होता, आणि "तासाभराचं तर काम" म्हणून ह्यांनीही आग्रह धरला नाही. शेवाळलेल्या छज्जावरून पाय सुटला. दोन्ही टाचांची हाडे आणि कमरेचा एक मणका असे तीन ठिकाणचे मोड घेऊन ते सात महिने अंथरुणावर होते. रुग्णालयाचे बिल दागिने मोडून भागले. पण बिल एकदाच येते. बंद पडलेली कमाई रोज येते, हे मला त्या सात महिन्यांत कळले. सकाळी त्यांना कुशीवर वळवून, पाठीला पावडर लावून, मी शाळेत जात असे. दुपारी येईपर्यंत शेजारच्या मावशी बघत. माझा पगार होता म्हणून चूल पेटत राहिली. ज्या घरात दुसरा पगार नसतो, त्या घराचे काय होत असेल, या विचाराने मला अनेक रात्री झोप आली नाही.

त्यानंतरही विमा हा शब्द आमच्या घरात रुजला नाही. यजमानांना तो कारागिरीचा अपमान वाटे. "माझा सांधा गळणार नाही, मग विमा कशाला?" असे ते म्हणत. त्यांचा सांधा खरोखरच गळत नसे. पण माणूस गळत नाही म्हणून जग गळत नाही असे थोडेच आहे?

मुलाने व्यवसाय वाढवला. एक गाळा घेतला, हाताखाली दोन तरुण ठेवले. गाळ्यातील मालासाठी आगीचा आणि चोरीचा विमा त्याने उतरवला होता, कारण कर्ज देणाऱ्या बँकेची ती अटच होती. बँकेतच प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरून ठेवला होता. त्यामुळे "आपला विमा आहे" अशी आमची समजूत झाली. कशाचा आहे आणि कशाचा नाही, हे कोणी विचारले नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या मोरीतील गंजका पाईप काढून त्याजागी सीपीव्हीसीचा नवा पाईप टाकण्याचे काम होते. संध्याकाळ झाली, घरच्या मंडळींना पाण्याची घाई होती. शेवटचा सांधा हाताखालच्या मुलाने जोडला. चिकटद्रव्य वाळायला हवा तेवढा वेळ मिळाला नाही. पहाटे पाणी आले, दाब वाढला आणि तो सांधा निखळला. वरच्या घरातील माणसे झोपेत होती. पाणी लादीखालून झिरपत पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात उतरले. तिथे राहणाऱ्या एकोणऐंशी वर्षांच्या आजी पाच वाजता उठल्या. दिवा लावायच्या आधीच त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले.

मुलगा बातमी कळताच धावला. आजींना खाली आणण्यापासून शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत तो त्यांच्या लेकीबरोबर होता. वृद्धांच्या खुब्याच्या मोडात उशीर घातक असतो. शस्त्रक्रिया लवकर होऊन माणूस लवकर उठून बसला नाही, तर छातीत कफ साठणे, पाठीला जखमा होणे, पायात रक्ताच्या गुठळ्या होणे अशी संकटे ओढवतात. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया केली. आजींचा स्वतःचा आरोग्यविमा नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे छत्र मिळू लागले ते २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात. आजी त्याआधी अडीच वर्षे पडल्या.

त्यांची लेक एकटीच मिळवती. ती आमच्या घरी आली, तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "काकू, मला पोलिसांत जायचं नाही. पण हा खर्च मी एकटी उचलू शकत नाही. आईजवळ राहायचं तर नोकरीवर जाता येत नाही, आणि नोकरी सोडली तर आईला खायला काय घालू?" तिच्यासमोर बसलेली मी, सोळा वर्षांपूर्वीची मीच होते.

त्या रात्री मुलाने सगळे कागद काढले. गाळ्याचा विमा गाळ्यापुरता होता. सुरक्षा विमा योजना त्याच्या स्वतःच्या अपघातापुरती. दुसऱ्याच्या घरात, आपल्या कामामुळे, दुसऱ्या माणसाला झालेली इजा या कागदांपैकी एकातही बसत नव्हती. नातीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडली. उरलेली रक्कम चौदा महिने हप्त्याहप्त्याने दिली. मी रोज दुपारी आजींकडे जाऊन बसू लागले, म्हणजे लेकीला अर्धा दिवस तरी कामावर जाता येई. कुशीवर कसे वळवायचे, उशी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये कशी ठेवायची, हे मी ह्यांच्या आजारपणात शिकले होतेच.

पुढे मुलाच्या मित्राच्या ओळखीचे एक विमा सल्लागार घरी आले. निवृत्त, मितभाषी गृहस्थ. त्यांनी माझ्या हातून कोरा कागद घेतला आणि त्यावर तीन रकाने आखले: "तुमचं शरीर", "तुमच्या माणसाचं शरीर", "दुसऱ्याचं घर आणि शरीर". म्हणाले, "नळाच्या धंद्यात नुकसान या तीन जागी होतं. एका जागेचा विमा दुसऱ्या जागी चालत नाही." एवढी साधी गोष्ट आम्हाला त्याआधी कोणी सांगितली नव्हती. म्हणून ती इथे सविस्तर सांगते.

पहिला रकाना कारागिराच्या स्वतःच्या शरीराचा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता आता २० रुपये आहे. १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदाराला अपघाती मृत्यू किंवा संपूर्ण कायमच्या अपंगत्वासाठी २ लाख रुपये आणि अंशतः कायमच्या अपंगत्वासाठी १ लाख रुपये मिळतात. २० रुपयांत एवढे मिळते, म्हणून प्रत्येकाने ती घ्यावीच. परंतु जे हाड मोडते आणि काही महिन्यांनी सांधते, त्यासाठी तिच्यात काही नाही. ह्यांचे सात महिने तिच्यात बसले नसते. त्यासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा लागतो, आणि तो घेताना "तात्पुरत्या पूर्ण असमर्थतेची साप्ताहिक भरपाई" आहे का हे पाहावे लागते. अनेक विमापत्रांत ती विमित रकमेच्या १ टक्का दर आठवड्याला, ठरावीक मर्यादेपर्यंत मिळते. अर्जात व्यवसाय "दुकानदार" असा लिहून हप्ता वाचवण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात परांचीवर चढणाऱ्या माणसाने असे लिहिले, तर दावा नेमका तिथेच अडतो. आरोग्यविमा हा आणखी वेगळा. तो रुग्णालयाचे बिल पाहतो, बुडालेली कमाई पाहत नाही.

दुसरा रकाना हाताखालच्या माणसाचा. कामावर असताना कामगाराला इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे. मालकाची चूक होती की नव्हती, हा प्रश्न तिथे मूळचाच नाही. सल्लागारांनी २०२२ मधील नियमांप्रमाणे हिशेब करून दाखवला: महिना १५ हजार रुपये मिळवणारा पंचवीस वर्षांचा तरुण कामावर दगावला, तर त्याच्या घरच्यांना द्यावयाची रक्कम १६ लाखांच्या वर जाते. मुलाचा चेहरा उतरला. त्याचे दोन्ही मदतनीस त्याच वयाचे. "आम्ही त्यांना भावासारखं वागवतो," तो म्हणाला. सल्लागार शांतपणे म्हणाले, "मग भावासारखाच त्यांचा विमाही उतरवा." कामगार भरपाईचा विमा पगार आणि कामाची जोखीम पाहून ठरतो. त्यात माणसांची संख्या आणि पगार खरे सांगावे लागतात.

तिसरा रकाना आजींचा. त्याला दायित्व विमा म्हणतात; आपल्या व्यवसायामुळे त्रयस्थ माणसाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले आणि ते भरून देणे कायद्याने आपल्यावर आले, तर ती रक्कम ठरलेल्या मर्यादेपर्यंत विमा कंपनी देते. इथे एक बारीक पण निर्णायक कलम असते. काही विमापत्रे काम चालू असतानाच्या अपघातापुरतीच असतात. नळकारागीर मात्र पाना पिशवीत टाकून घरी गेल्यावरच बहुधा सांधा निखळतो! म्हणून "काम पूर्ण झाल्यानंतर उद्भवलेले नुकसान" समाविष्ट आहे का, हा प्रश्न तोंडी विचारून थांबू नये. ते विमापत्रात लिहिलेले पाहावे. सदोष सांधा पुन्हा जोडण्याचा खर्च हा विमा सहसा देत नाही. सांध्यामुळे दुसऱ्याचे जे बिघडले, ते देतो. अनेक महिने हळूहळू मुरलेली ओलही बहुधा वगळलेली असते.

एका अटीवर मात्र मुलगा चिडला. विमा कंपनीला कळवल्याशिवाय चूक कबूल करू नये, रक्कम देण्याचे वचन देऊ नये, अशी ती अट. "म्हणजे म्हातारी माणसं पडलेली दिसली तरी मी गप्प बसायचं?" त्याने विचारले. सल्लागार म्हणाले, "माणसाला उचलायला, दवाखान्यात न्यायला, जवळ बसायला कुणाची परवानगी लागत नाही. आकडा कबूल करण्याआधी फक्त कळवायचं." ते गेल्यावर मी कितीतरी वेळ यावर विचार करत होते. आधी कायदा आणि मग माणुसकी, असे हे नाही. उलट, आकड्याची चिंता दुसऱ्याने घेतली, तर माणुसकीला हात मोकळे राहतात.

ही तीन छत्रे घेण्यासाठी मुलाला वर्षाकाठी खर्च करावा लागतो, आणि तो त्याने कामाच्या दरात धरला आहे. काही गिऱ्हाइके दर ऐकून दुसरीकडे गेली. २०२४ च्या पावसाळ्याआधी एका घरी त्याने बसवलेला कॉक निसटला आणि खालच्या घरातील गादी आणि लाकडी कपाट भिजले. त्याने आधी पाणी बंद केले, मग छायाचित्रे काढली, त्याच दिवशी कंपनीला कळवले. सर्वेक्षक आला, कामाचे बिल आणि सामानाच्या पावत्या पाहून गेला. ठरलेली कपात वजा करून उरलेली भरपाई त्या कुटुंबाला मिळाली. कॉक मुलाने स्वखर्चाने बदलला. नातीची नवी ठेव शाबूत राहिली. दावा नाकारला गेला असता, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आणि मग विमा लोकपालाकडे दाद मागता आली असती, हेही आता आम्हाला ठाऊक आहे. लोकपालाकडे जायला शुल्क लागत नाही.

हे पाक्षिक वाचणाऱ्यांत माझ्यासारखी ज्येष्ठ मंडळी आणि त्यांना सांभाळणारी मुलेबाळे अधिक. आपल्यापैकी अनेकांच्या घरी स्नानगृहात धरायला दांडे बसवायचे असतील, कमोड बदलायचा असेल, मोरीचा उंबरठा काढायचा असेल. त्या कारागिराला दराबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा: हाताखालच्या माणसाचा विमा आहे का, आणि काम झाल्यानंतरच्या नुकसानीचा आहे का. तो नाही म्हणाला, तर त्याला हाकलू नका. हे तीन रकाने त्याला काढून दाखवा. नवा सांधा वाळेपर्यंत एक रात्र बादलीतल्या पाण्यावर काढा. उंचावरचे काम असेल, तर परांचीचे पैसे घासाघीस न करता द्या. २००६ मध्ये त्या सोसायटीने वाचवलेले पैसे आम्ही सात महिने फेडत होतो.

स्वतःच्या घराचीही तरतूद करता येते. २०२१ च्या एप्रिलपासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित विमापत्रात पाण्याची टाकी, नळ वा पाईप फुटून किंवा भरून वाहून झालेले घराचे नुकसान समाविष्ट आहे. ते घर सांभाळते, खुबा नाही. खुब्यासाठी आरोग्यविमा किंवा सत्तरीनंतरचे आयुष्मान कार्ड हवे. आपल्या घरी सत्तरी ओलांडलेले कोणी असेल आणि कार्ड काढायचे राहिले असेल, तर आधार कार्ड घेऊन या आठवड्यातच ते काम करा.

आजी आता काठी घेऊन घरात फिरतात. गेल्या वर्षी मुलाने त्यांच्या मोरीत दांडे बसवून दिले, तेही लादीवर नुसते न चिकटवता भिंतीत खोल खिळवून. पैसे घेईना, तेव्हा त्यांच्या लेकीने ते माझ्या हातात कोंबले. मी ठेवून घेतले. तिलाही कोणाचे देणे लागत नसल्याचे समाधान हवे होते, आणि ते मला समजत होते.

यजमान आता पंचाहत्तरीचे आहेत. टाचा थंडीत अजून ठणकतात. चालणे खोलीपुरते उरले आहे. ज्यांना विमा म्हणजे कारागिरीचा अपमान वाटे, ते आता नूतनीकरणाचा महिना आला की पलंगावरून मुलाला हाक मारतात. आधी विचारतात, "त्या दोन पोरांचा हप्ता भरलास का?" मग, "आणि तुझा?" उत्तर मिळाले की मी पावती निळ्या फाइलमध्ये लावते आणि शेजारच्या डब्यातून त्यांची रात्रीची गोळी काढते.